सोपान कदमचा उजवा गुडघा

बारामतीत भिगवण रस्त्याला माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत इतके गुडघे हाताखालून गेले, की आता चेहरे विसरायला होतं, गुडघे लक्षात राहतात. रस्त्यात कुणी नमस्कार केला की मी आधी त्याची चाल बघतो, मग नाव आठवतं. बायको म्हणते, मला बघायला आलात तेव्हाही पायांकडंच बघत होतात. तिचं खोटं नाही.

सोपान कदमचा मात्र मला चेहरा आधी आठवतो. तो बघायला मान बरीच वर करावी लागायची, म्हणून असेल. उंची सहा फूट अकरा इंच. लासुर्ण्याला पेरूच्या बागेत वाढलेला हा गडी नऊ वर्षं परदेशात बास्केटबॉल खेळला. त्यातच पोट भरलं त्यानं. आधी थायलंड, मग बहारीन, अर्धं वर्ष मंगोलिया आणि शेवटची काही वर्षं जॉर्जिया. अमेरिकेतलं जॉर्जिया नव्हे, रशियाच्या खालचं. हे गावात शेवटपर्यंत कुणाला पटलं नाही. सगळे त्याला अमेरिकेचाच समजत आणि तोही खुलासे करून करून दमला होता. गावात त्याचं नाव ‘धाकला’. दत्ताअण्णा हा थोरला भाऊ, उंचीनं सव्वापाच फूट, म्हणून हा धाकला. दत्ताअण्णा त्याच्या कमरेशी उभा राहून त्याला मोटर चालू करायला पिटाळायचा आणि हा मुकाट्यानं जायचा.

मे महिना संपत आला की हंगाम संपवून तो घरी यायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्याकडं. पहिल्यांदा आला तेव्हा माझं टेबल त्याच्या पोटऱ्यांशीच संपलं. मी ओशाळलो. त्यानं शेजारच्या पंक्चरवाल्याचं बाकडं उचलून आणलं, टेबलाला लावलं, त्यावर पाय ठेवले आणि मी मशीन लावेपर्यंत घोरायलाही लागला. झोप ही त्याची खरी कला. विमानतळावर, लाल डब्यात, बँकेच्या रांगेत, कुठंही. मी एकदा विचारलं, असं कसं जमतं, तर म्हणाला, “डॉक्टर, जगातली कुठलीच खाट मला पुरली न्हाय. मग खाटंची वाट कशाला बघायची?”

बोलणं एवढंच. चिडलेला तो मला कधी दिसला नाही, खूश झालेलाही फारसा नाही. एक थकवा होता त्याच्यात, आणि तो खेळाचा नव्हता. खेळाचा थकवा आठ दिवसांत उतरतो, मला माहीत आहे. हा जून, जुलै, ऑगस्ट तसाच असायचा.

मी त्याला रोज बर्फाचा शेक सांगितला होता. घरच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या चार वड्यांनी ह्याच्या गुडघ्याचा एक कोपराही गार होईना. मग त्यानं स्वतःच तोड काढली. पळसदेवला धरणाच्या पाण्यावरून मासळीच्या गाड्या भरतात, तिथं ठेचलेला बर्फ ढिगानं असतो. हा मोटारसायकलवर गुडघे कानाशी घेऊन तिथवर जायचा, मासळीच्या निळ्या क्रेटमध्ये बर्फात पाय खुपसून अर्धा तास बसायचा. मासळीवाल्यांना गंमत वाटायची. त्याच्या पायांच्या शेजारच्या क्रेटमध्ये चिलापी पडलेली. पुढं दवाखान्यात आला की माझे बाकीचे पेशंट नाकाला रुमाल लावत. मी त्याला म्हणायचो, सोपानराव, निदान साबण तरी लावून या. तो म्हणायचा, लावला की. आणि झोपायचा.

बास्केटबॉलमध्ये सेंटर म्हणजे संघातला सगळ्यात थोराड गडी, बास्केटच्या खाली ठाण मांडणारा. लोकांना वाटतं, उंच आहे म्हणजे हात वर केला आणि बॉल टाकला. सोपानचं काम वेगळंच होतं. ते मला त्याच्या वडिलांमुळं कळलं. आबा एकदा त्याच्याबरोबर आले होते. बारकी चण, डोक्यावर टोपी, खुर्चीच्या काठावर बसलेले. सोपान टेबलावर पडला होता, आणि आबांनी मला हळूच विचारलं, हे नेमकं तिकडं करतंय काय? नुसतं उभं राहायला विमानानं नेत्यात का?

मी काहीतरी सांगणार, तोवर सोपान डोळे न उघडता म्हणाला, “आबा, मी आडवा उभा राहतो. आमच्यातला येक बारका बॉल घिऊन माझ्या अंगाला घासून पळतो. त्याच्या मागं लागलेला माझ्यावर आपाटतो. तेवढ्यात बारका मोकळा सुटतो आन् बॉल टाकतो.”

“आन् तुला काय?”

“मला लागतं.”

आबांनी यावर बराच विचार केला. मग म्हणाले, “मग बरं हाय. कुणाच्या तरी उपयोगी पडतुयास.” आणि त्यांनी त्याच्या पोटरीवर दोनदा थोपटलं. पोराच्या पाठीपर्यंत हात पोचायची सवय त्यांची कधीच सुटली असणार.

हे आडवं उभं राहणं उभ्या पायांवर होत नाही. गुडघे वाकवून, कंबर खाली घेऊन, अंगाचा सगळा भार मांड्यांवर धरून उभं राहावं लागतं. समोरचा तसाच शंभर-सव्वाशे किलोचा गडी पाठीनं रेटत असतो. सोपाननं एकदा मला दवाखान्यात ते उभं राहणं करून दाखवलं. पाठ ताठ, नजर समोर, आणि डोकं बरोबर माझ्या डोक्याच्या पातळीला. पहिल्यांदाच मी त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं. मग मी त्याला ओरडलो, कारण उजव्या गुडघ्यातली गादी तेव्हाच निम्मी झिजली होती आणि असली प्रात्यक्षिकं मी बंद केली होती.

गावाला याचं काय? गावाला सत्कार हवे असतात. दर जूनला एक ठरलेला. फ्लेक्स लागायचा तो आडवा, म्हणून त्यावर सोपान छातीपर्यंतच, आणि कडेला पुढाऱ्यांचे अठरा फोटो अख्खे. फेटा बांधायला खुर्चीवर चढलेला माणूस हमखास लटपटायचा. सोपानला ते बघवायचं नाही. तो सरळ एक गुडघा टेकून खाली बसायचा. उजवाच. शाल, श्रीफळ, हार, सगळं त्या गुडघ्यावर. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं यायचा तेव्हा गुडघा टोमॅटोसारखा लाल. मी म्हणायचो, डावा तरी टेकत जा. तर म्हणे, डावा टेकला तर उठता येत न्हाय.

परदेशातल्या गोष्टी तो आपणहून सांगायचा नाही. विचारलं तर तुकड्या-तुकड्यांनी सांगायचा, आणि त्या सगळ्या निघून येण्याच्याच असायच्या. तिकडं प्रत्येक संघात परदेशी खेळाडूंच्या जागा ठरलेल्या. संघ चार सामने हरला की आधी परदेशी सेंटर बदलतात, कारण मोठा दिसतो, बदलल्याचं लोकांना लगेच कळतं. मंगोलियात त्याला जानेवारीत काढलं. दुभाषा कागद घेऊन दारात आला तेव्हा सोपान बूट घालून तयार होता. आदल्या दिवशी सरावात कुणी त्याच्या नजरेला नजर देईना, त्यावरून त्यानं ओळखलं होतं. संघातलं कुणी सोडायला आलं नाही. घरमालकीण म्हातारीनं तेवढा मीठ घातलेला चहा दिला, आणि तो संपेपर्यंत ती समोर बसून राहिली. “सामान कधी सगळं काढायचंच न्हाय डॉक्टर,” तो म्हणाला. “लागंल तेवढंच काढायचं.” लासुर्ण्याच्या घरीसुद्धा त्याचे कपडे बॅगेतच असायचे. वहिनीनं कपाटाचा एक खण रिकामा करून दिला होता, तो तसाच.

गेल्या वर्षी जूनमध्ये आला तो जरा वेगळा वाटला. चौतीस वर्षांचा झाला होता. टेबलावर पडला, पण झोपला नाही. जॉर्जियातल्या क्लबनं सांगितलं होतं, अजून एक हंगाम खेळ, आणि मग आमच्या लहान पोरांना सेंटरचं खेळणं शिकवायला कायमचा राहा. राहायला खोली, काम पक्कं. अट एकच. सप्टेंबरात तिथं पोचल्यावर त्यांचा डॉक्टर गुडघा तपासणार. गुडघा टिकला तर सगळं, नाहीतर काही नाही. हे सांगताना त्याचा आवाज नेहमीचाच होता, पण पुढं त्यानं एक विचारलं ते मला लागलं. म्हणाला, “टिकंल का? मला आता येका जागी ऱ्हायचं हाय.”

मी म्हटलं, टिकवू. आणि मी खरंच त्या गुडघ्यामागं लागलो. तीन महिने. आठवड्यातून चारदा तो येई. मांड्यांचे व्यायाम, पट्ट्या, मशीन, बर्फ. जिना चढायचा नाही, उकिडवं बसायचं नाही, पंगतीत बसायचं नाही, आणि गुडघा वाकवून अंगावर भार घ्यायचा नाही. हे शेवटचं मी त्याच्याकडून चारदा वदवून घेतलं. त्या वर्षीचा सत्कार मी स्वतः सरपंचाला फोन करून बंद पाडला, त्याचा राग सरपंचानं अजून धरलाय. ऑगस्टच्या अखेरीला गुडघ्याची सूज पूर्ण गेली. तेवीस वर्षांत माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांपैकी ते एक होतं, हे मी उगाच लाजत सांगणार नाही.

विमान सोमवारचं होतं. गुरुवारी सकाळी आबा बागेत पेरूला पिशव्या बांधता बांधता बसले, ते उठलेच नाहीत. दत्ताअण्णाचा फोन आला तेव्हा माझ्या टेबलावर एक पेशंट होता. त्याला मशीन काढून घरी पाठवलं आणि मी लासुर्ण्याला गेलो.

दुपार झाली होती. अंगणात तिरडी बांधून तयार होती. रस्त्यावर ट्रस्टची वैकुंठरथाची गाडी फुलं लावून उभी होती. ती दत्ताअण्णानंच बोलावली होती, आणि का बोलावली ते मला लगेच कळलं. मडकं धरून पुढं चालायचं काम थोरल्याचं. म्हणजे खांद्याला धाकला आला. आणि सोपाननं आजवर गावात कुणालाच खांदा दिला नव्हता, देताच येत नव्हता. त्याच्या खांद्याला तिरडी लावली की बाकीच्या तिघांच्या बाजूनं ती उतरती व्हायची. त्यामुळं कुणाचीही माती असली की लोक त्याला सांगायचे, तू राहू दे, आणि तो मागून सगळ्यांच्या डोक्यावरून बघत चालायचा. आबांच्या बाबतीत तसं व्हायला नको म्हणून भावानं गाडी सांगितली होती. गाडीत ठेवलं की खांद्याचा प्रश्नच नाही.

सोपान गाडीकडं बघून नको म्हणाला. भावकीतले म्हातारे किसनतात्या पुढं झाले. त्याला समजावलं, अरे पाऊण किलोमीटर जायचंय, कालव्याच्या कडेचा रस्ता धड नाही, तू नुसता हात लाव. हातानं धरलं तरी खांदा दिल्यासारखंच आहे.

सोपान म्हणाला, “तात्या, हातानं न्हाय.”

मग तो तिरडीच्या पुढच्या उजव्या बाजूला गेला, पाय फाकवले, कंबर खाली घेतली आणि गुडघे वाकवले. पाठ ताठ, नजर समोर. त्याचा खांदा बरोबर दुसऱ्या बाजूच्या चुलतभावाच्या खांद्याला आला. तिरडी उचलली गेली. ती पाण्यासारखी सपाट होती.

मी त्याच्या अंगाला लागून चालत होतो. माणसं रामनाम घेत होती आणि माझं लक्ष एका गुडघ्याकडं होतं. एवढ्या माणसांत तिथं काय चाललंय हे आम्हा दोघांनाच कळत होतं. वाकलेल्या गुडघ्यांनी एक जागा धरणं निराळं आणि चालणं निराळं. दर पावलाला सगळा भार एका पायावर येतो. शंभरेक पावलांनंतर त्याचा उजवा पाय थरथरायला लागला. मी म्हटलं, सोपानराव, बदला आता. त्यानं पुढचं पाऊल टाकलं. निम्म्या वाटेवर विसाव्याचा दगड आला. तिरडी खाली ठेवली, पुढचे मागं झाले. किसनतात्यांनी दुसरा एक भाचा पुढं केला. सोपाननं त्याला हातानं बाजूला सारलं, मागच्या बाजूला गेला आणि पुन्हा वाकला. त्या वेळी मला आवाज ऐकू आला. बारीक, सुपारी फोडल्यासारखा. तो कशाचा ते मला सांगायला नको. त्याच्या कपाळावर घाम आला, पण खांदा बोटभरही वर-खाली झाला नाही.

मला त्याचा राग आला होता, हे कबूल करतो. माझे तीन महिने आणि त्याचं पुढचं सगळं आयुष्य तो त्या कच्च्या रस्त्यावर संपवत होता. आणि रागाच्या खाली दुसरंच काही होतं. माझे वडील पुण्यात गेले, तेव्हा आम्ही त्यांना गाडीतून नेलं. सिग्नलला थांबत गेलो. त्यात काही वावगं आहे असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

स्मशानात तिरडी उतरवल्यावर त्याला सरळ होता येईना. दोघांनी काखेत हात घालून उभं केलं. लोकांना वाटलं, पोराचं दुःख. तेही असेल.

दहाव्यानंतर आम्ही गुडघ्याचा एमआरआय काढला. मी फिल्म उजेडाला धरली आणि गादी फाटली होती ती जागा त्याला बोटानं दाखवली. विमान तर कधीच गेलं होतं. क्लबनं आठ दिवसांची मुदत वाढवून दिली होती आणि माझ्याकडून रिपोर्ट मागितला होता. मी त्याला म्हटलं, दुखापत सरावात झाली असं लिहू का? मग निदान उपचाराचं तरी ते बघतील. ही लबाडी मी आयुष्यात कुणासाठी केली नव्हती. तो म्हणाला, झालं तेच लिवा. मी लिहिलं, वडिलांच्या अंत्यविधीत त्यांना खांद्यावरून नेताना. इंग्रजीत ते वाक्य फारच विचित्र दिसत होतं.

क्लबनं दुसरा सेंटर घेतला. सर्बियाचा की कुठला. पण त्यांच्या डॉक्टरला फाइल पुरी करायची होती, म्हणून त्याची आणखी एक मेल आली. मी सोपानला बोलावून घेतलं. तो एसटीनं आला, पाय ताठ ठेवून, खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभा राहिला. मी मेल मराठीत सांगितली. डॉक्टरनं सभ्यपणानंच विचारलं होतं. वडिलांना न्यायला गाडी मिळाली नव्हती का? आणि उचलायला दुसरी माणसं नव्हती का?

त्यानं मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. बाहेर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालू होता, तो बंद झाला.

“लिवा,” तो म्हणाला. “गाडी हुती. माणसं बी हुती.”

मी ती दोन वाक्यं टाइप केली. आणखी काही लिहू का म्हणून विचारलं. नको म्हणाला. मग थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “त्यास्नी कळंल का?”

मी म्हटलं, नाही कळणार.

“आसूं द्या,” तो म्हणाला. “पाठवा.”

मी पाठवलं. चहा घ्यायला थांबा म्हटलं, पण त्याला चारची गाडी गाठायची होती. दवाखान्यासमोरच्या उतरणीवर हात देऊ का, हे मी विचारणार होतो, विचारलं नाही. तो उजवा पाय बाजूनं फिरवत, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत स्टँडकडं निघाला. बाजाराचा दिवस होता, रस्ता माणसांनी भरलेला. मी दारात उभा राहून बघत होतो. दुसरा कुणी असता तर केव्हाच गर्दीत मिसळून दिसेनासा झाला असता आणि मी मोकळा झालो असतो. हा काही दिसेनासा होईना. सगळ्यांच्या वर ते डोकं हळूहळू, जरा एका बाजूला लवत, कितीतरी वेळ चाललं होतं. शेवटी मीच आत गेलो.